तीळ

आत्या म्हणायची, ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.
त्रेचाळिसाव्या वर्षी मस्कतच्या डॉक्टरीणबाईंनी
त्याच तिळाला लांबलचक इंग्रजी नाव दिलं,
चार अक्षरांत आखडून कागदावर लिहिलं,
आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणालो,
हो हो, कळलं.

कळलं नव्हतं.

सोहारच्या रिफायनरीत मी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासतो.
प्रत्येकाचा आकडा ठरलेला, इतका दाब आला की उघड.
त्याआधी उघडला तर नापास,
लाल टॅग लावून बाजूला.
माझा आकडा कुणी लावला कोण जाणे,
समोरच्याने श्वास घेतला तरी मी उघडतो.
लोकांना वाटतं, हा स्वतःला शहाणा समजतो.
तसं नाही हो.
मनात आलेलं वाक्य म्हणजे हातातला ओला मासा,
आत्ताच टोपलीत नाही टाकला तर गेला,
आणि मग मी दिवसभर पाण्याकडे बघत बसतो.

त्या गुरुवारी रात्री पागधरे खोलीवर आला,
बूट न काढताच कॉटवर बसला.
म्हणाला, घरून फोन आलेला
आणि मी उघडलो.
कुठल्या ॲपवरून? ते बंद झालं ना इथे?
मग कुठलं कार्ड स्वस्त, मग मेव्हण्याचा नवा फोन,
फोनवरून बॅटरी, बॅटरीवरून आमच्या प्लांटमधला स्फोट,
जो झाला नाही पण होता होता राहिला.
पागधरे मान हलवत होता.
बाहेर एसीचं पाणी पत्र्याच्या डब्यात पडत होतं.
टप.
बऱ्याच वेळाने, टप.

सकाळी मेसमधल्या शिहाबने सांगितलं,
पागधरेचे वडील गेले,
तो पहाटेच्या बसने एअरपोर्टला गेला.
सगळ्या मजल्याला माहीत होतं.

आमचा फोरमन सईद घरी बोलावतो तेव्हा
आधी खजूर, मग काहवा, मग विचारतो, काय खबर.
आणि ज्याची खबर त्याचीच खबर.
त्याचे म्हातारे चुलते फलजच्या पाण्याची पाळी सांगत होते,
मधेच थांबले, भिंतीकडे बघत राहिले.
ती जागा कुणी भरेना.
मला घाम फुटला.
घामात खजुराची बी थुंकायची राहिली, गालात बसली,
बोलायला जावं तर दातावर आपटायची.
मग चुलते म्हणाले,
ती पाळी माझ्या भावाची होती.

तेव्हापासून खिशात बिया असतात, धुतलेल्या.
मीटिंगला एक.
बायकोचा फोन आला की एक.
ती विचारते, आहेस ना? लाइन गेली का?
मी बीच्या बाजूने हुं म्हणतो.
जे निसटेल वाटतं ते पेनाने तळहातावर लिहितो,
नंतर वाचतो: कांदे. उंटाचे दात. ड्रेनचा वास.
मूग गिळून बसणाऱ्यांचं बरं असतं,
बी गिळता येत नाही.

पागधरे महिन्याने परतला,
डोक्यावर बोटभर केस, पिशवीत सुके बोंबील.
मी विचारलं, वडिलांना काय झालेलं,
आणि बी तोंडात टाकली.
तो होडीबद्दल बोलू लागला.
विकायची की ठेवायची, भाऊ काय म्हणतो,
वडील दर नारळी पौर्णिमेला तिला रंग
आणि थांबला.

टप.

माझ्या काकांचीही होडी होती, ती कितीला गेली,
हे सगळं दातापर्यंत आलं.
मी टप मोजू लागलो.
म्हणजे तेवढा वेळ मी ऐकत नव्हतोच, हेही खरं.
सातव्या की आठव्या टपला तो म्हणाला,
तुला काही बोलायचंय का?

मी बी तळहातावर काढली.
शाईने लिहिलं होतं, कितीला? त्याच्यावरच ती ठेवली.
म्हटलं, नाही.
तू रंगाचं सांगत होतास.