डावीकडे जरा विरळ

एल्मिनाच्या बंदरात जाळी सांधणारा क्वेसी एसुमान
आज घरात बसलाय, मांडीवर बायकोचा विग.

ताकोराडीच्या बाजारातून आणलेला. फार दाट,
फार चकचकीत, कपाळावर ओढला की
नव्यानं रंगवलेल्या दारासारखा.
"बाहुली दिसते मी," आराबा म्हणाली होती
आणि पुन्हा फडकं गुंडाळलं होतं डोक्याला.

आधी त्यानं पावडर चोळली, चमक मारली.
मग कडक कॉफीत बुडवली पुढची लेस,
तिच्या कातडीचा रंग धरेपर्यंत,
चारदा. मध्येच एक घोट स्वतःही प्यायला.

आता चिमटा.
इथला एक केस, तिथले दोन,
मग थोडं सोडून.
शेवटी जाळीच ही. पण आयुष्यभर
या हातांनी भोकं बुजवली,
आज मुद्दाम पाडायची.

"डावीकडे जरा जास्त काढ," ती खाटेवरून सांगते,
"तिथं माझे आधीपासूनच कमी होते."
चिमटा थांबतो.
बावीस वर्षं शेजारी झोपून
हे त्याला ठाऊक नव्हतं.

भांग सरळ नको म्हणते.
घाईत, आरशाशिवाय पाडल्यासारखा हवा.
तो कंगव्याचं टोक टेकवतो, हात किंचित हलतो,
वाट वाकडी होते,
हवी तेवढीच.

चर्चची पहिली घंटा झाली.
ती विग चढवते, कानामागे एक बट खोचते.
बट लगेच सुटून गालावर येते.

"राहू दे,"
दोघं एकदमच म्हणतात.