बारा टक्के मोह

पंचायतीच्या स्लॅबवर छत्री बसवायला
नागपूरहून आलेला पोरगा
मोबाइल आभाळाकडं धरून गोल फिरला
आणि म्हणाला, मॅडम, उत्तरेला अडथळा आहे.
स्क्रीनवर आमचं आभाळ निळं होतं,
एका कडेला लाल.
बारा टक्के.
लाल म्हणजे जैनी नैतामचा मोह.

मी इथली ऑपरेटर.
सात वर्षं दाखले पिशवीत घालून टेकडी चढले.
बिजाच्या झाडाखाली दीड कांडी रेंज,
तीही वारा पडला तर.
बारावीचा निकाल तिथं लागायचा.
रेशनवाला हलामी अंगठ्याचं यंत्र तिथं आणायचा
आणि मागून सगळं गाव, रिकामी पोती घेऊन.
रैजी उसेंडीचा नवरा मिरच्या तोडायला तेलंगणात.
फोनवर ती नुसती हो, हो म्हणायची.
आम्ही सगळे पाठ फिरवून उभे राहायचो.
इतकी खासगी जागा
मी नंतर कुठं पाहिली नाही.

छत्रीचं बरं आधी सांगते,
नाहीतर म्हणाल, हिला जुनंच गोड.
दिवाळीनंतर हलामीच्या नातवाला रात्री काही चावलं.
मारलेला साप मी टॉर्चखाली धरला,
तालुक्याच्या डॉक्टरनं स्क्रीनवरून पाहिला,
मण्यार आहे, म्हणाला, सूज नाही म्हणून थांबू नका.
नाहीतर आम्ही थांबलो असतो.
पोरगा आता क्रिकेट खेळतो, चेंडू पंचायतीत मारतो.
एवढं एकच घडलं असतं
तरी छत्रीचे पैसे फिटले, असं मी म्हणते.

पण भादव्यात नाला चढला,
रस्ता गेला, वीज गेली, इन्व्हर्टर शेवटच्या दमावर,
वर ढगांची गोधडी,
आणि छत्री म्हणते, शोधत आहे.
शोधत आहे.
तीन दिवस.
महिन्याचं बिल मात्र वेळेवर आलं,
ग्रामकोषातून भरलं, तेंदूच्या पैशातून.

आता टेकडीवर कुणी जात नाही.
पोरं पंचायतीच्या भिंतीला टेकून बसतात,
कानात पांढरी बोंडं.
पाठ कुणी फिरवत नाही. गरजच नाही.
रैजीही तिथंच येते,
नवऱ्याचा चेहरा दिसतो, म्हणून पदर सारखा करते
आणि हो, हो सुद्धा म्हणत नाही.

जैनीचा अंगठा यंत्र दोन सेकंदांत
कुठंकुठं फिरवून आणतं
आणि सांगतं, ठसा जुळत नाही.
आधी दोष रेंजला देता यायचा.

फांदीचं विचारायला मीच गेले होते.
बारा टक्के मंजे किती पायल्या, माय?
मला सांगता येईना.
तिनंच बोटं मोडली.
उत्तरेची फांदी, रोजच्या दोन पायल्या, वीस दिवस.
मंग तुया नेटले सांग,
चाळीस पायल्या भरून दे, ने फांदी.

फांदी आहे.
म्हणून दर काही मिनिटांनी मीटिंगमधले साहेब
तोंड उघडं ठेवून थिजतात
आणि आम्ही म्हणतो, गेले मोहाआड.
थोडं थांबतो. येतात परत.

चैतात पहाटे मीही वेचायला गेले.
वरून दिव्यांची एक ओळ निघाली,
सरळ, बिनआवाजी, एकामागं एक.
जैनीनं मान वर केली नाही.
गेली का तुई मालगाडी?
मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, दे इकडं,
माया झाडाले लाल कसं दाखवते पाहू.
मोबाइल हातात घेतला,
आभाळाकडं धरला, उलटा.

परत दिला तेव्हा काचेवर तिचा अंगठा होता,
मोहाच्या रसाचा,
रेघ एकही नाही.
मी तो पुसला नाही.
रात्री त्याला मुंग्या लागल्या.