चुन्याचा हिशेब

म्हापणकर कंपाउंडर दिवसा सरकारी दवाखान्यात
खोकल्याच्या पुड्या बांधायचे,
संध्याकाळी कोंबडीची शीट जाळायचे.
वेंगुर्ल्याचा बाजार हसायचा:
“पगार खाता सरकारचो, आणि गू जोखता तराजूत!”
त्यांना ते ऐकू यायचं, पण हात थांबत नसे.
सोनाराचा काटा, गुंजांची डबी,
मुशीत उरलेली करडी राख,
तिच्यावर तेजाबाचा एक थेंब.
राख फसफसली की म्हणायचे,
“इनास, चुना बोलला बघ.”

मी अकरा वर्षांचा. बाप पास्कू
मांडवीच्या खाडीवर शिंपल्यांची भट्टी लावायचा.
आमच्या घरात चुना बोलत नसे.
डोळ्यांत जायचा, नखांखाली चिरा पाडायचा,
पेजेवर साय धरावी तसा बसायचा.
म्हणूनच ठेवलं असेल मला, आठवड्याला एक आणा:
कोंबडीनं माती टोचू नये, भिंत टोचू नये.
मोजलेली नाचणी, वाफेचं गार केलेलं पाणी,
पिंजऱ्याखाली तांब्याचं ताट.
आत गेलं ते लिहायचं,
बाहेर आलं ते लिहायचं.

प्रश्न एवढाच:
अर्धा मासा चुना खाऊन
चार माशांचं कवच ही आणते कुठून?

अकराव्या दिवशी अंडं आलं ते बिनकवचाचं.
तळहातावर घेतलं. गरम, कातडीतलं,
आत बलक हलत होता
मिटल्या पापणीखाली बुबुळ हलावं तसा.
बाराव्या दिवशी कोंबडी उठलीच नाही.

आईचं सातवं पोर तेव्हा अंगावर पीत होतं.
तिचे पुढचे तीन दात गेलेले.
भाकरी मोडताना हसून सांगायची,
“एकेक तुमका दिलंय.”

मी बापाच्या ढिगातून मूठभर तिसऱ्यांची शिंपी उचलली,
दगडानं कुटली,
कडी काढली.
ती टोचू लागली तेव्हा तांब्यावर झालेली टकटक
अजून कधी एकटा असलो की ऐकू येते,
कोणी दार वाजवतंय असं वाटून मी उठतोही.

पंधराव्या दिवशी: टणक, खरखरीत, पाच मासे तीन गुंजा.
कंपाउंडरांनी जोखलं. चष्मा पुसून पुन्हा जोखलं.
मला खडीसाखर दिली.
“जीव चुना घडवतो रे. नसलेला, घडवतो.”
रात्रभर जागून मुंबईच्या कुठल्याशा विद्वान मंडळींना पत्र लिहिलं,
टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं.
पेटीशी मी इतका वेळ उभा होतो
की पोस्टमननं विचारलं, हरवलंय काय?

उत्तर आलं दोन ओळींचं.
दुसरी कोंबडी घ्या.
पिंजऱ्याला कुलूप लावा.

लावलं. किल्ली त्यांच्या जानव्याला.
दुसरी कोंबडी एकोणीस दिवस देत राहिली,
मग थांबली, मग मेली.
त्यांनी मांडी चिरून हाड दोन बोटांत धरलं,
ते वाळक्या बोंबलाच्या काट्यासारखं मोडलं.
बाहेर भरतीचं पाणी चढत होतं, माणसं होड्या ओढत होती.
“घडवत नव्हती,” म्हणाले.
“काढून देत होती.”
मग पहिलीचं काय, हे त्यांनी विचारलं नाही,
आणि मी ताट घासत राहिलो, कधीच घासलेलं.

बदली होऊन जाताना काटा मला दिला, वहीही.
मोडीतली वही, मला अक्षर लागेना.
चाळीस वर्षं ती चुन्याच्या उधारीच्या वह्यांखाली पडून होती.
परवा कचेरीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं वाचून दाखवली,
पान न् पान, कंटाळत.

पहिली कोंबडी. दिवस बारावा.
नाचणी पाच तोळे. पाणी नेहमीप्रमाणे. अंडं नाही.
आणि खाली, वेगळ्या शाईत,
कधी लिहिलं ते कळायला मार्ग नाही:
कडीवर पांढरी बोटं. लहान.
बाहेरून आवक. वजन माहीत नाही.