दुकान वाढवणे

आमच्या ऑफिसात मीटिंगच्या खोल्यांना माशांची नावं आहेत.
सिंगापूरच्या कोणीतरी सुचवलेली. स्थानिक रंग म्हणून.
पापलेटमध्ये बारा माणसं मावतात, सुरमईत आठ,
बोंबिलात दोन आणि टिश्यूचा डबा.
बोंबिलात बोलावलं की समजायचं.

मरोळच्या या सहाव्या मजल्यावर
मी कंपनीचे शब्द मराठीत आणते.
अस्वलाच्या मालिकेचे तीनशे आठ भाग,
परग्रहावरचे पोलीस, नॉर्वेतला एक खून,
आणि दर एप्रिलात कंपनीची सात मूल्यं.
पहिल्या वर्षी 'ओनरशिप'ला मी मालकी लिहिलं.
लीगलने खोडलं. मालकी भागधारकांची असते.
दुसऱ्या वर्षी आपलेपणा लिहिलं.
कोणी वाचलंच नाही, म्हणून पास झालं.
आता ते पॅन्ट्रीत आहे, मायक्रोवेव्हच्या वर,
वाफेने त्यातला 'णा' थोडा सुटलाय.

गुरुवारी रात्री साडेनऊला टाउनहॉल.
तिकडे सकाळ. पडद्यावर मोठे साहेब, मागे लिंबाचं झाड,
इकडे गार पिझ्झा, आणि गळ्यात पट्टे घातलेले आम्ही एकशे चाळीस.
ते म्हणाले, आपण प्रवासात आहोत.
ते म्हणाले, थोडक्याच गोष्टी करू, पण मोठ्या.
मग एक आलेख आला, हिरवा, चढत जाणारा,
आणि त्याच्या पायाशी एक बारीक करडी रेघ.
तिच्यावर नाव नव्हतं.
मी ओळखली.
आपलं माणूस पाठमोरंही ओळखू येतं.

शुक्रवारी रेनिता फुर्टाडोचा मेल:
मराठी विभाग सनसेट होतोय.
लेखकांना, आवाजाच्या कलावंतांना पत्र हवं, चारपर्यंत.
सूर सकारात्मक. 'बंद' हा शब्द नको.
वाढीबद्दल एक वाक्य हवंच.

मावळणे लिहिलं. खोडलं.
मावळलेलं उद्या उगवतं,
तसलं आश्वासन लीगल देणार नाही.
मग आठवले मामा, गिरगावातलं त्यांचं चष्म्यांचं दुकान.
रात्री शटर ओढताना ते कधी 'बंद कर' म्हणाले नाहीत.
म्हणायचे, चल, दुकान वाढव.
मामीची बांगडी फुटायची नाही, वाढायची.
नारळसुद्धा देवापुढे फुटत नाही, वाढवतात.
आमची भाषा किती पिढ्या
कम्युनिकेशन्स डिपार्टमेंटात नोकरीला होती!

तर मी लिहिलं:
कळवण्यास आनंद होतो की येत्या तिमाहीत
कंपनी आपला मराठी विभाग वाढवीत आहे.

रेनिताने यंत्रातून इंग्रजीत फिरवून पाहिलं. हिरवी खूण.
सिंगापूरहून एक बदाम आला.
लॉस एंजेलिसहून, एनर्जी आवडली.
मी हसले, एकटीच, स्क्रीनच्या आड,
आणि पत्र दोनशे सत्तर जणांना गेलं.

पहिला फोन तोडणकरांचा. वय एकसष्ट, अस्वलाचा आवाज.
'कधी वाढवताय?'
'तीस तारखेला.'
'चार भाग राहिलेत.'
'हो.'
'शेवटी ते झोपी जातं ना, बर्फात?'
'हो, तोडणकर.'
'मग तेवढं करून टाकू. पैशाचं नंतर बघू.
नाहीतर ते जागंच राहील.'

बाकी सगळे तरुण. अभिनंदन, अभिनंदन,
नवे दर काय असतील, मॅडम?
आणि संगमनेरहून तन्मय खैरमोडे,
ज्याने परग्रहावरच्या पोलिसांना नगरी शिव्या शिकवल्या:
मॅडम, मग पतपेढीतली नोकरी सोडून देऊ का?
सोमवारीच राजीनामा देतो म्हणतोय.

हा अर्थ त्याच्या घरात कोणी बोलत नसेल.
किंवा बोलत असेल, आजोबांबरोबर गेला असेल.
मी शब्द नीट निवडला होता,
माणूस मोजला नव्हता.

बोंबील रिकामी होती. आत गेले, दार लावलं,
टिश्यूचा डबा पालथा केला, का कोण जाणे,
आणि फोन लावला.
तो आधी आईला सांगून आला, की मॅडमचा फोन आहे.
मी हवापाणी विचारलं. मुळा धरणाचं पाणी विचारलं.
मग म्हणाले,
तन्मय, बंद.

दोनच अक्षरं. लीगलला न दाखवता.