सुहैल कुठे आहे?

मदिनात झायेदच्या चष्म्याच्या दुकानात
मी दिवसभर लोकांचं धुकं पुसते.
उणे दोन. उणे साडेतीन. अक्ष एकशेसत्तर.
असं बरं दिसतं, की असं?

सुट्टीच्या आदल्या रात्री
हबशानच्या ज्वाळा पाठीमागे टाकून
लिव्याच्या वाळूत तिपाई रोवते.
भिंग वीस मिलिमीटरचं, हप्ते अजून चालू,
आणि इतकं नेमकं
की दहा हजार ताऱ्यांचे दहा हजार ठिपके,
सगळे सारखे,
राजगिरा सांडल्यासारखे.

तोच फोटो राशिद मझरूईंना दाखवला.
वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
शस्त्रक्रिया तीन वर्षं पुढच्या महिन्यावर.
त्यांनी पडदा नाकाशी धरला.
ह्यात सुहैल कुठे आहे?

मी बोट ठेवलं. उचललं. दुसरीकडे ठेवलं.
मलाच सापडेना.
सारवासारव करत म्हटलं,
आमच्याकडे त्याला अगस्ती म्हणतात,
समुद्र पिऊन टाकला होता त्यानं.
ते हसले. मग आमचाही घोटभर पी म्हणावं,
ही दमट हवा तरी उतरेल.
आणि मला तो अजून एवढा दिसतो, म्हणत
मूठ उघडली, पाचही बोटं फाकवली.

दिव्याभोवती वलय, प्रकाश पसरतो:
हे मी त्यांच्या कार्डावर
तक्रारीच्या रकान्यात लिहिलेलं.

बाजारातून पायमोजा आणला, नायलॉनचा, पाच दिरहम.
माप? दुकानदारानं विचारलं.
सत्त्याहत्तर मिलिमीटर, म्हटलं,
तो माझ्या पायांकडे बघत राहिला.

सप्टेंबरची पहिली सुट्टी, पहाटे साडेचार.
आधी उघड्या भिंगानं दहा फोटो.
मग मोजा ताणून, वर रबर लावून, दहा.
पहिल्यांदा दुहेरी घेतला, तर अगस्ती म्हणजे कापसाचा बोळा.
एकेरी केला.
टेकडी वेगळी टिपली; वाळूची कड मऊ झालेली
मला चालत नाही.

घरी दोन्ही थर एकावर एक.
बारीक तारे जागच्या जागी, मोज्याचं त्यांना काही नाही,
पसरायला त्यांच्याकडे आहेच किती.
थोरले मात्र फुलले.
आणि रंग! नेमक्या ठिपक्यात उजेड इतका दाटतो
की सगळेच पांढरेफटक पडतात;
जरा सैल सोडला
तर काक्षी शेंदरी निघाली, राजन्य निळसर,
रोहिणीला हळद लागलेली.
मृगाचे चारही पाय मोजता आले.
आणि खाली, दक्षिणेला, टेकडीच्या खांद्यावर
तो. विचारावं लागलं नाही.

ऑक्टोबरात मझरूई आले, दोन्ही डोळे नवे.
सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली.
मी अभिनंदन म्हणेपर्यंत
खुर्चीतच म्हणाले, काल पाहिला.
बारीक झालाय.

मी खणातून छापलेला फोटो काढला.
त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला,
चष्मा मागितला, नको म्हणाले,
मग नखानं टेकडीवर टिचकी मारली:
हा.

वाचायच्या चष्म्याचे पैसे द्यायचे राहिले.
फोटो कंदुऱ्याच्या बाहीत धरून
दारातल्या उन्हात क्षणभर थांबले,
डोळे बारीक करून,
जुनी सवय.