उनं का?

राउटर पुढच्या खोलीत, स्लॅबच्या नव्या बांधकामात.
टीव्ही मागच्या खोलीत, जिथे मे महिन्यात माणूस टिकतो.
मधे एक भिंत. दगड, माती, भुसा,
दोन हात जाड, आणि स्वभावाने अमळनेरची:
आलेल्याला उंबऱ्यात थांबवून आधी विचारणार,
कोणाचा रे तू?

वायफायला उत्तर देता आलं नाही.

सुरतेहून भावाने पाठवलेला त्रेचाळीस इंची पडदा
पंधरा दिवस एकच वाक्य म्हणत राहिला,
नेटवर्क सापडत नाही.
शेवटी आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकला,
लांबून आलेला पाहुणा झोपलाय असं समजून.

मग हिलाल आला. खांद्यावर निळ्या केबलचं वेटोळं,
कानामागे टेस्टर.
पहिल्या दिवशी त्याने कोनाड्यात रिपीटर ठेवला,
आई म्हणाली, याला रोज हळदकुंकू लागंल का?
दोन दिवे हिरवे. तिसरा लाल.
तो राउटरपाशी, मी टीव्हीपाशी,
आणि भिंतीवरून आरोळी:
उनं का?
नही उनं!

दुसऱ्या दिवशी एक पांढरी डबी आणली.
घरातल्या विजेच्या तारेतूनच नेट पलीकडे जाईल म्हणे.
गेलं नाही. पुढचं मीटर आमचं,
मागच्या खोलीचं अजून काकांच्या नावावर.
ब्याण्णवच्या वाटणीत वीजसुद्धा वाटली होती,
हे आम्हाला तेव्हा कळलं.
उनं का?
नही उनं!
गच्चीवरून पुष्पाकाकू, हातात पापडांची परात:
कोन उनं वं? कोन येवाव शे?
कोणी नही काकू. नेट.

तिसऱ्या दिवशी कूलरच्या खिडकीतून केबल घेतली
आणि उनं!
एक तास दहा मिनिटं उनं.
मग कूलरचं पाणी केबलच्या पाठीवरून सावकाश उतरलं,
थेंब थेंब,
टीव्हीच्या पाठीत शिरायच्या आत मी पिन उपटली.

हे सगळं तात्या खाटेवरून बघत होते.
शेंगा सोलत.
टरफलं सुपात, दाणे तोंडात, शब्द कुठेच नाही.
हिलाल भिंतीवर थाप मारून म्हणाला, ड्रिल वाकेल, भिंत नाही वाकणार.
तेव्हा आई पाणी भरायला उठली आहे असं बघून
तात्या हळूच म्हणाले,
त्या क्यालेंडरना मांगे देख.

खिळ्यावर एकावर एक अकरा वर्षांची कॅलेंडरं.
सगळ्यांच्या मागे, चिंधीचं बूच लावलेलं,
बोटभर भोक.
त्यातून आरपार एक तांब्याची तार, हिरवी पडलेली.

आई माहेरी शिरपूरला गेलेली असताना
दोन रात्री पहार चालवून पाडलं होतं,
रेडिओची एरियल बाहेर काढायला.
भोकातून विंचू येईल म्हणून तिने नाही म्हटलेलं.
मग रेडिओ गेला. खिळा राहिला. दर दिवाळीला
तिने भिंतीला चुना मारला,
आणि दर दिवाळीला कॅलेंडरापुरता चौकोन
तात्या स्वतः मारायचे.
केवढं कौतुक वाटायचं तिला त्याचं.

हिलालने नव्या केबलचं टोक जुन्या तारेला बांधलं,
वर चिकटपट्टी गुंडाळली.
ओढायला पलीकडे कोणी तरी हवं होतं.
पलीकडे आई होती. हंडा खाली ठेवून उभी.
सगळं ऐकलेलं.

तिने ओढली.
आधी भुसा आला, मग माती, एक वाळलेला कोळी,
मग हात हात हिरवी तार,
तिच्या कडेवर गुंडाळी होत गेली,
आणि शेवटी निळं टोक.
उनं, ती म्हणाली. एवढंच.

आता पडदा अपडेट घेतोय. तीन टक्के. नऊ टक्के.
कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर, जरा तिरकं,
बुधवारच्या खालून केबल बाहेर आलेली.
आम्ही चौघं टक्के बघत बसलोय,
दुसरं काही लागेपर्यंत हेच.

एकसष्ट टक्क्यांवर आईने तोंड उघडलं,
पडद्यावरून नजर न काढता:
आखो कोठे कोठे पाडेल शे?

तात्यांनी एक शेंग घेतली,
कानाशी हलवून बघितली,
आणि सोलायला लागले.