डावखुरा बोल्ट

मडगावला, मार्केटामागच्या बोळात
मिंगेल बाबाचं दुकान.
पाटीवरच्या ‘आर्म्स’चा रफार कधीच गळून पडलाय,
तेवढा बसवणं त्याला होत नाही,
पण बंदुकीचा बिघाड तो कानानं ओळखतो.

टेबलावर फ्लानेलचा तुकडा, त्यावर तीन ॲक्शन.
नळी नाही, दस्ता नाही,
रात्री काढून ठेवलेल्या कवळ्यांसारखे
नुसते तीन बोल्ट, आपापल्या घरांत.
माझ्या खिशात अडतीस हजार
आणि कलेक्टर कचेरीतला कागद,
चारदा परत आलेला, पाचव्यांदा सही झालेला.

पहिला परदेशी. कोरा.
मागं ओढला तर थिजल्या तुपातून सुरी जावी तसा.
किंमत मिंगेलनं तोंडानं सांगितली नाही,
जुन्या पावतीच्या मागं लिहून पावती सरकवली.
मी ती तशीच परत सरकवली.

दुसरा परवडणारा.
बावीस वर्षं लेथवर उभा होतो मी
रिवणच्या वर्कशॉपात, खाण बंद पडेपर्यंत.
लोखंड खोटं बोलायला लागलं
की आधी माझ्या अंगठ्याला कळतं.
बोल्टाच्या दोन्ही कानांना निळी शाई लावली,
मिटला, उघडला:
एका कानाची शाई पुसलेली, दुसऱ्याची तशीच.
म्हणजे सगळा भार एकट्यावर.
असे संसार पाहिलेत मी.
नको, म्हटलं.

तिसरा फडक्याखालीच होता.
“हा कोणी घेत नाही. पांच वर्सां जालीं.”
चांदरच्या आंतोन बाबाच्या रायफलीचा.
मोतीबिंदूनं आधी डोळा गेला, मग माणूस,
बायकोनं नळी विकली, दस्ता विकला,
उरलं ते हे.
मी मूठ शोधू लागलो उजवीकडं.
मूठ नव्हती.
डावीकडं होती.

आता काय सांगू.
गौतमी पाच वर्षांची असताना
आईनं तिच्या डाव्या हाताला पायमोजा बांधला होता,
जेवताना, उजवा शिकावा म्हणून.
शाळेत पट्टीनं तेच शिकवलं.
शिकली ती. अक्षर वाकडं आलं, पण आलं.
मात्र रेंजवर, पोटावर पडून,
क्लबच्या रायफलीला डावा डोळा लावते तेव्हा
दर गोळीला गाल उचलावा लागतो,
हात वरनं पलीकडं न्यावा लागतो,
आणि परत टेकेस्तोवर निशाण हललेलं असतं.
दहातल्या दोन तिथंच जातात.
ती काही म्हणत नाही. मीच मोजतो.

शाई लावली. दोन्ही कान सारखे पुसले गेले.
मग डोळे मिटून एकदा उघडला, एकदा लावला.
रात्री आमच्या मागल्या दाराचा अडसर पडतो ना,
सगळे घरात आले, असं सांगत,
तसा आवाज.

चेहरा मख्ख ठेवला मी.
“डावखुऱ्याचा माल,” म्हटलं, “भंगारात जाईल.”
“मग भंगाराचा भाव सांग,” मिंगेल म्हणाला.
एकतीसवरून सव्वीसवर आला,
वर तेलाची बाटली फुकट.
पिशवीत गुंडाळताना हळूच विचारलं,
“तुझ्या घरात डावरं कोण?”
पैसे मोजून होईपर्यंत मी थांबलो.
“मुलगी.”
“चोर,” तो म्हणाला, आणि पाच रुपयांचं चिंध्यांचं पुडकंही दिलं.

कुडचड्याला पोचेतो दिवेलागण.
गौतमीनं टेबल पुसलं, वर्तमानपत्र पसरलं,
बोल्ट उचलला, मागं, पुढं, खाली.
खट्.
आई दारातनं बघत होती.
पायमोजा तिला आठवत असेल, नसेलही.

“नळी?”
“पुढल्या वर्षी.”
“दस्ता?”
गेल्या वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या
माळ्यावर सुकतायत. मी वर बोट दाखवलं.

तिनं वर बघितलंही नाही.
जेवायची दुसरी हाक आली, मग तिसरी,
आणि टेबलावर तो डावा हात
मागं, पुढं, खाली,
मधे उजव्याला एकदाही न विचारता.